एचपी नको, कर्व्ह दाखवा!

गाडी धुऊन झाली की आपलं काम संपतं. पाण्याचं मात्र तिथूनच सुरू होतं. शाम्पू, ग्रीस, डिझेल सोबत घेऊन ते नालीत उतरतं. आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने दिसतात ते इथल्याच तलावांवर आणि बांध्यांमध्ये. नालीतलं पाणी उतार पाहून शेवटी तिकडेच जाणार ना? म्हणून धुण्याचं पाणी गोळा करून, तेल-गाळ वेगळा काढून परत वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण गोळा कसं करायचं? जिथे पक्का रॅम्प आणि उतार आहे, तिथे व्हॅक्यूम मशीन घेऊच नये. एक चर, एक टाकी आणि साधा मड पंप पुरे. व्हॅक्यूम हवं ते सपाट जागी. शोरूम, दवाखान्याची फरशी, झालंच तर आपला मेस हॉल!

दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न, "किती एचपीचं?" इंजिनीअरने तरी हे विचारू नये. बघायचे आकडे दोन : हवेचा प्रवाह आणि व्हॅक्यूम. प्लेटवर दोन्ही कमाल लिहिलेले असतात, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. जास्तीत जास्त व्हॅक्यूम नळीचं तोंड बंद असताना, तर जास्तीत जास्त हवा ते पूर्ण उघडं असताना. 200 मिलिबार म्हणजे पाण्याचा जेमतेम 2 मीटर स्तंभ. फरशीवरचा पातळ थर उचलते ती वेगाने धावणारी हवा. म्हणून विक्रेत्याकडे कर्व्ह मागा.

दुसरी गोष्ट नळी. तेवढ्याच हवेसाठी 50 मिमीऐवजी 38 मिमीची नळी लावली, तर घर्षण जवळजवळ चौपट होतं. मग मोठी मोटर घेऊन काय उपयोग?

तिसरी गोष्ट फेस. फ्लोट पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. फेस वर चढून मोटरीत जातो आणि मोटर जळते. तेव्हा मोटर बायपास प्रकारचीच हवी, म्हणजे तिला थंड करणारी हवा वेगळी असते. साबणही बेतानेच वापरावा.

आणि शेवटचं, 60 लिटरची टाकी भरली की 60 किलो वजन होतं. ती रोज ओतणारा माणूस कोटेशनमध्ये कुठेच नसतो. खाली ड्रेन व्हॉल्व्ह किंवा पंप असलेलं मशीन थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं. मेससाठी खरेदी निघालीच, तर फरशी धुणाऱ्या मावशींना आधी विचारा, मग कॅटलॉग उघडा.