मित्र हे सातवे अंग

५ डिसेंबर १९९४ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका निवेदनावर चार राष्ट्रांनी स्वाक्षऱ्या केल्या. १९९१मध्ये सोव्हिएत संघराज्याचे विसर्जन झाले, तेव्हा सुमारे एकोणीसशे दूरपल्ल्याची अण्वस्त्रे युक्रेनच्या भूमीवर राहिली होती. जगातील तिसऱ्या क्रमांकाचा हा अण्वस्त्रसाठा रशियाच्या स्वाधीन करण्याचे युक्रेनने मान्य केले. त्याच्या मोबदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशिया यांनी युक्रेनचे सार्वभौमत्व व सीमा यांचा आदर करण्याचे आश्वासन दिले. १९९६च्या मध्यापर्यंत शेवटचे अण्वस्त्र रशियात पोहोचले. पुढे २०१४मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन रणगाडे थेट कीव्हच्या दिशेने निघाले. आश्वासन देणाऱ्या तिघांपैकी एक आक्रमक ठरला. उरलेल्या दोघांनी शस्त्रे दिली, पैसा दिला. परंतु लढण्यासाठी सैन्य दिले नाही. तसे करण्याचे त्यांनी लिहूनही दिले नव्हते. ‘हमी’ हा शब्द अमेरिकी मुत्सद्द्यांनी जाणीवपूर्वक टाळला होता आणि ‘आश्वासन’ हा शब्द योजला होता. या दोन शब्दांतील अंतर युक्रेनला वीस वर्षांनी रक्त सांडून मोजावे लागले.

त्या अण्वस्त्रांच्या कळा मॉस्कोच्या हाती होत्या आणि युक्रेनची अर्थव्यवस्था ढासळलेली होती, हे खरे आहे. अण्वस्त्रे राखणे सोपे नव्हते. तरीही शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मिअरशायमर यांनी १९९३मध्येच इशारा दिला होता की, युक्रेनने अण्वस्त्रे सोडू नयेत. रशियाला रोखून धरणारे दुसरे साधन त्याच्यापाशी असणार नाही. शीतयुद्धाच्या समाप्तीचा उत्सव साजरा करणाऱ्या पाश्चात्त्य जगाला हा इशारा तेव्हा अप्रस्तुत वाटला.

मिअरशायमर ज्या वास्तववादी विचारधारेचे पुरस्कर्ते आहेत, तिचे सार थोडक्यात सांगता येते. राष्ट्रांच्या वर कोणी दंडधारी नाही. शेजाऱ्याच्या मनात आज काय आहे आणि उद्या काय असेल, याची खात्री कोणालाच देता येत नाही. म्हणून प्रत्येक महासत्ता आपल्या परिसरात स्वतःचे वर्चस्व राखू पाहते आणि दुसऱ्या महासत्तेने तेथे पाय ठेवलेला तिला खपत नाही. १८२३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांनी युरोपीय सत्तांना हेच बजावले आणि क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे दिसताच १९६२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर नेले. त्याच अमेरिकेने १९९९ आणि २००४मध्ये नाटोचा विस्तार रशियाच्या सीमेपर्यंत नेला आणि २००८च्या एप्रिलमध्ये युक्रेन व जॉर्जिया हेही एक दिवस सदस्य होतील, असे नाटोने जाहीर केले. सोव्हिएत संघराज्याला वेसण घालण्याचे धोरण ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्या जॉर्ज केनन यांनी हा विस्तार घातक चूक ठरेल, असे १९९७मध्येच सांगितले होते. लोकशाहीचा जप करणारा पश्चिमही सत्तेचेच राजकारण करीत होता, असा याचा स्पष्ट अर्थ आहे.

येथवर वास्तववादाचे विश्लेषण पटण्यासारखे आहे. मात्र आपल्याकडे या विश्लेषणाचा जो उपयोग केला जातो, तो धोक्याचा आहे. रशिया हा जुना मित्र, अमेरिका दुटप्पी. म्हणून रशियाने जे केले ते त्याच्या हक्काचेच होते, असे म्हणणारे अनेक राष्ट्रप्रेमी भेटतात. कारण समजून घेणे वेगळे आणि कृत्याला मान्यता देणे वेगळे, हा विवेक येथे सुटतो. मोठ्या राष्ट्राला आपल्या सीमेलगतच्या लहान राष्ट्रांचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व युरोपात मान्य केले, तर ते हिमालयात कोणत्या तोंडाने नाकारणार? तिबेट चीनने याच न्यायाने गिळला. २०१७मध्ये डोकलाम येथे भूतानच्या भूमीवर रस्ता बांधू पाहणारा चीन आणि अरुणाचल प्रदेशाला दक्षिण तिबेट म्हणणारा चीन यांच्या मुखी हीच भाषा आहे. गलवान खोऱ्यात १५ जून २०२० रोजी वीस भारतीय जवानांनी दिलेले बलिदान या भाषेला दिलेले उत्तर होते. मॉस्कोसाठी आज केलेला युक्तिवाद उद्या बीजिंगच्या कामी येईल, याचे भान मित्रप्रेमाच्या भरात सुटता कामा नये.

शिवाय बळाचा हिशेब नेहमी बरोबर उतरतो असेही नाही. नाटोला दूर ठेवण्यासाठी रशियाने युद्ध पुकारले आणि दशकानुदशके तटस्थ राहिलेला फिनलंड २०२३मध्ये त्याच नाटोत गेला. २०२४मध्ये स्वीडनही गेला. रशिया आणि नाटो यांच्यातील सीमा त्यामुळे तेराशे किलोमीटरहून अधिक वाढली.

भारताला हा धडा परक्या ग्रंथातून शिकण्याची आवश्यकता नाही. कौटिल्याने राजमंडळाचा विचार मांडला तो याच वास्तवावर. परंतु कौटिल्य म्हणजे केवळ कपट, ही समजूत अपुऱ्या वाचनातून आली आहे. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात तो पूर्वाचार्यांचे एक मत खोडून काढतो. वचनावर किंवा शपथेवर केलेला संधी अस्थिर आणि ओलीस ठेवून केलेला संधी स्थिर, असे आचार्य म्हणत. कौटिल्य सांगतो की, वचन हेच इहलोकी व परलोकी बांधून ठेवणारे आहे. ओलीस केवळ या लोकापुरते आणि बळावर अवलंबून असते. दिलेला शब्द पाळावा हा धर्म आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून निःशस्त्र होऊ नये ही नीती. दोन्ही एकाच ग्रंथात नांदतात.

मराठी इतिहासाने या नीतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १६६५मध्ये पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींनी तेवीस किल्ले दिले. पण बारा किल्ले, सैन्य आणि संकल्प आपल्यापाशी राखला. १६७०मध्ये कोंढाणा परत आला आणि त्यामागोमाग इतर गडही परतू लागले. १८०२च्या अखेरीस होळकरांच्या भयाने दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहात स्वराज्याचे रक्षणच इंग्रजांच्या फौजेवर सोपविले. सोळा वर्षांत पेशवाई संपली. तह दोन्ही ठिकाणी झाला. एका ठिकाणी तो सवड मिळविण्यासाठी होता, दुसऱ्या ठिकाणी आसऱ्यासाठी.

स्वतंत्र भारताच्या प्रारंभीच्या नेतृत्वाने या परंपरेकडे पाठ फिरविली. चिनी सैन्य तिबेटात शिरल्यावर सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहून उत्तर सीमेवरील संकटाची स्पष्ट जाणीव दिली होती. त्यानंतरही १९५४मध्ये पंचशीलाच्या करारात तिबेटचा उल्लेख चीनचा प्रदेश म्हणून मान्य झाला. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा क्यूबाच्या पेचात अडकलेल्या सोव्हिएत नेतृत्वाला बीजिंगची गरज होती. म्हणून मॉस्कोने चीनच्या प्रस्तावांची पाठराखण केली. नोव्हेंबरात अलिप्ततेचे प्रवक्ते अमेरिकी अध्यक्षांकडे लढाऊ विमाने मागत होते. पुढे १९७१मध्ये तेच सोव्हिएत राष्ट्र सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून भारताच्या पाठीशी उभे राहिले, कारण दरम्यानच्या काळात चीन त्याचा शत्रू झाला होता. मैत्री खरी होती. परंतु तिच्या मुळाशी हित होते.

चीनने १९६४मध्ये अणुचाचणी केल्यानंतर भारतानेही अण्वस्त्रसज्ज व्हावे, ही भूमिका जनसंघाने मांडली, तेव्हा तिची युद्धखोर म्हणून हेटाळणी झाली. १९९८च्या मे महिन्यात अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने पोखरण येथे पाच चाचण्या केल्या, तेव्हाही निर्बंधांचे भय दाखविणाऱ्यांची उणीव नव्हती. युक्रेनने जे दिले आणि त्याच्या पदरात जे पडले, ते पाहिल्यावर त्या टीकाकारांनी आपल्या जुन्या लेखांची पाने पुन्हा चाळून पाहावीत.

तथापि केवळ अण्वस्त्रांनी कार्यभाग साधत नाही, हे २०२५ने दाखवून दिले. मार्चमध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत काही दिवस रोखली आणि एप्रिलअखेर त्याच्याशी खनिजांचा करार केला. ऑगस्टमध्ये रशियन तेल घेतो म्हणून भारतीय मालावर पंचवीस टक्के अतिरिक्त शुल्क लादले. तेच तेल मोठ्या प्रमाणावर घेणाऱ्या चीनला तेव्हा असा दंड झाला नाही. कारण उघड होते. दुर्मीळ खनिजांचा पुरवठा रोखून अमेरिकी कारखाने अडविण्याची क्षमता चीनने कमावली होती. ज्याच्या हाती दुसऱ्याची नाडी असते, त्याच्याशी बोलताना महासत्तेचाही स्वर मवाळ होतो.

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. या क्रमात मित्र शेवटचा आहे. मित्राला अंग मानले आहे, म्हणजे तो अनावश्यक नाही. पण सहा अंगे दुबळी असतील, तर सातवे ती उणीव भरून काढू शकत नाही. वॉशिंग्टन की मॉस्को, या वादात आपली बुद्धी खर्च करणारे चर्चा सातव्या अंगापासून सुरू करतात. ती जनपद, कोश आणि दंड यांच्यापासून सुरू झाली पाहिजे. लढाऊ विमानाचे इंजिन स्वदेशात केव्हा घडेल, दुर्मीळ खनिजे शुद्ध करण्याचे कारखाने केव्हा उभे राहतील, सीमेवरचे शेवटचे गाव केव्हा नांदते होईल, हे परराष्ट्रनीतीचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे कोणत्याही परक्या राजधानीत मिळणार नाहीत. बुडापेस्टचा तो कागद आजही जपून ठेवलेला असेल. त्याने राखायची होती ती सीमा मात्र राहिली नाही.