कोड एकदाच विकायचा की दरवर्षी? शिरपूरच्या एका प्रश्नाला माझं उत्तर



शिरपूरच्या बॅचमध्ये एका मुलाने विचारलेला प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो. तो एका जिनिंगचं अकाउंट बघतो. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधून रोज एक्सेलची यादी निघते: शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव. कापसाच्या सीझनमध्ये ही यादी हाताने टॅलीत चढवायला रात्रीचे दहा वाजायचे. पठ्ठ्याने पायथॉन शिकून छोटा प्रोग्राम लिहिला. यादी टाकली की टॅलीला चालणारी एक्सएमएल फाइल तयार! शेजारच्या जिनिंगवाल्याने ते बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, मला पण दे. पाच हजार घे."

मुलगा मला म्हणतो, "सर, देऊन टाकू का?"

माझं स्पष्ट मत: असा देऊन टाकू नकोस. वर्षाच्या हिशोबाने दे. आणि त्याच्याही आधी कोड नक्की तुझा आहे का, ते बघ.

आधी मालकी

आपल्याकडे सॉफ्टवेअर कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये येतं. तुम्ही पगारी नोकर असाल आणि नोकरीचाच भाग म्हणून प्रोग्राम लिहिला असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक तुमचा शेठ असतो. बाहेरून काम घेऊन लिहिला असेल, तर साधारणपणे मालकी तुमची. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं, तोंडी चालत नाही.

या मुलाची गंमत बघा. तो पगारावर आहे, पण प्रोग्राम रात्री घरी बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलाय. वाद घालायचा म्हटलं तर दोन्हीकडून घालता येतो. म्हणून मी त्याला सांगितलं, शेठकडे जा आणि एका पानाचं पत्र करून घे: "हा प्रोग्राम याचा आहे, आमच्याकडे तो फुकट चालेल, बाहेर विकायला आमची हरकत नाही." शेठला फुकट वापर मिळतो, तुला मोकळीक मिळते. हे पत्र धंदा छोटा असतानाच मिळतं. दहा गिऱ्हाइकं झाल्यावर शेठचा सूर बदललेला असतो.

पाच हजारात काय विकलं जातं?

माहिती एका साच्यातून दुसऱ्या साच्यात टाकणारा प्रोग्राम म्हणजे दोन्ही बाजूंनी भाड्याची जागा. इकडचा साचा काट्यावाल्या कंपनीचा, तिकडचा टॅलीचा आणि सरकारचा. तुमच्या हातात दोन्ही नाहीत, आणि दोन्ही बदलत राहतात.

उदाहरणं घ्या. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्यांना लागू झालं, आणि उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आलं. मे २०२५ पासून जीएसटीआर-१ मधला एचएसएनचा तक्ता बी-टू-बी आणि बी-टू-सी असा वेगळा भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले: सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर, बहुतेक औषधं १२ वरून ५ वर. ज्याने प्रोग्रामच्या पोटातच २८ आणि १२ लिहून ठेवले होते, त्याचा फोन त्या दिवशी किती वाजला असेल?

गिऱ्हाइकाने पाच हजार दिलेत, म्हणजे त्याच्या मते हे सगळं त्यातच आलं. तीन वर्षं तुम्ही फुकट दुरुस्त्या करणार, नाहीतर फोन उचलणं बंद करून शिरपुरात नाव घालवणार.

"सर, आपल्याकडे दरवर्षी कोण पैसे देतो?"

हा प्रश्न येतोच. अहो, तोच जिनिंगवाला टॅलीचं नूतनीकरण करतो, कॅमेऱ्यांची एएमसी देतो. त्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटासुद्धा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. काट्याची तपासणी त्याला पटते, मग त्याच काट्याच्या यादीची का पटणार नाही? आपण नीट सांगत नाही, एवढंच.

समजा, २० गिऱ्हाइकं आहेत. एकदाच ५,००० घेतले तर एक लाख, आणि पुढे शून्य. पहिल्या वर्षी ३,००० आणि पुढे दरवर्षी २,५०० घेतले तर पहिल्या वर्षी साठ हजार, दुसऱ्या वर्षापासून पन्नास-पन्नास हजार. तिसऱ्या वर्षाअखेर एक लाख साठ हजार, आणि बदल आला की तो करायला तुमच्याकडे पैसाही आहे, कारणही आहे.

मोठ्यांनी फुकट दिलं तर?

देणारच. जीएसटी पोर्टल एक्सेलवरून रिटर्न तयार करायचं ऑफलाइन टूल फुकट देतं. टॅलीप्राइमने ४.० आवृत्तीपासून एक्सेलमधून थेट माहिती घ्यायची सोय केली. नुसतं "एक्सेल टू टॅली" विकणार असाल तर तो धंदा करूच नका.

पण टॅलीला तुमच्या काट्याची यादी माहीत नाही. ओल्या कापसाची कटती या जिनिंगवर कशी धरतात, माहीत नाही. एकाच गावात तीन आर. एस. पाटील आहेत आणि कोणाच्या खात्यावर रक्कम टाकायची, माहीत नाही. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की १५ नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराला स्वतःच भरावा लागतो. पण कुठली नोंद शेतकऱ्याची आणि कुठली व्यापाऱ्याची, हे यादीवरून ओळखणार कोण? ते तुम्ही ओळखता. पुण्या-बंगळुरूची कंपनी एवढ्यासाठी शिरपुरात येऊन बसणार नाही.

जबाबदारी घ्यायची तर हे करा

एक, प्रोग्रामने आधी बेरजा जुळवाव्यात: नोंदी किती, एकूण वजन किती, एकूण रक्कम किती. दोन्हीकडे सारखं नसेल तर फाइल बनूच नये.

दोन, न समजलेल्या ओळी अंदाजाने भरू नका, वेगळ्या यादीत काढा. तारखांचं तर खास बघा. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ४ मार्च होतो, आणि खरेदी थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते! बेरीज जुळते, तरी हिशोब चुकीचा असतो.

तीन, शेतकऱ्यांची नावं, बँक खाती पेनड्राइव्हवर घरी आणू नका. प्रोग्राम त्यांच्याच कॉम्प्युटरवर चालवा.

चार, एएमसीच्या कागदावर स्पष्ट लिहा: कोणता बदल वर्गणीत आणि कोणत्याचे वेगळे पैसे, चूक सापडली तर किती दिवसांत दुरुस्ती, आणि रिटर्न भरण्याआधी तपासायचं काम गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचं किंवा सीएचं.

त्या मुलाने शेठचं पत्र घेतलंय. शेजारच्या जिनिंगवाल्याला त्याने वर्षाचा भाव सांगितला, तर तो म्हणाला, "सीझन संपेपर्यंत चालवून दाखव, मग बघू." मला हे उत्तर आवडलं. त्याला मी एवढंच सांगितलं की सीझनभर रोजच्या बेरजेचा कागद प्रिंट काढून त्यांच्या फायलीत लावत जा. मार्चमध्ये पैसे मागायला जाशील, तेव्हा ती फाइल टेबलावर ठेव.

तुमच्याकडेही असा एखादा प्रोग्राम पडून असेल, तर या आठवड्यात मालकीचं पत्र आणि एएमसीचा कागद, एवढी दोन पानं तयार करा. भाव त्यानंतर ठरवू.