दुखत नाही म्हणून

कागलच्या पेठेत रोजमेळ लिहिताना एका डोळ्यापुढे अचानक अंधार दाटतो. वेदना नसते, म्हणून व्यापारी दुकान वाढवेपर्यंत थांबतो. हेच घातक. दृष्टिपटलाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर काही तासांतच दृष्टी कायमची जाऊ शकते. विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, कडेने सरकणारी पडद्यासारखी सावली ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे होत. काही मिनिटांत पुन्हा दिसू लागले की घरचे निश्चिंत होतात. वस्तुतः तो पक्षाघाताचा पूर्वसंकेत असू शकतो. चष्म्याच्या दुकानात वा डोळ्यांच्या थेंबांत वेळ दवडू नये. कोल्हापूर महामार्गाने सुमारे 20 किलोमीटर आहे. मात्र रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये. अंधार कधी आला ती वेळ आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी. तोंड वाकडे झाले वा हात लुळा पडला, तर तत्काळ 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा.