बाजूचे आरसे जरा बाहेर वळवा

पोर्ट लुईहून क्युरपिपकडे जाताना मोटारमार्गावर लेन बदलू लागावे आणि शेजारून अचानक भोंगा वाजावा, आरशात तर कोणीच नव्हते, हा अनुभव पुष्कळांना असेल. दोष बहुधा नजरेचा नसून आरसे लावण्याच्या सवयीचा असतो.

बाजूच्या आरशात आपल्याच गाडीची कड दिसावी, अशी आपली समजूत. पण तेवढ्याने तो आरसा मधल्या आरशातलाच रस्ता पुन्हा दाखवतो, आणि शेजारची पट्टी कोणत्याच आरशात येत नाही. यावर अमेरिकेतील अभियंता जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ साली सोपी रीत मांडली. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणून डोके उजव्या काचेला टेकवावे आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवावा. मग गाडीच्या मध्यापर्यंत झुकून डावा आरसा तसाच लावावा. मागून पुढे जाणारी गाडी मधल्या आरशातून सुटण्यापूर्वी बाजूच्या आरशात, आणि तेथून सुटण्यापूर्वी डोळ्याच्या कोपऱ्यात दिसली, की आरसे बरोबर लागले.

सरळ बसल्यावर आपली गाडी दिसत नाही, म्हणून सुरुवातीला चुकल्यासारखे वाटेल. ते सोसावे. तरीही वळण्यापूर्वी खांद्यावरून एक नजर टाकावीच, कारण मोपेडवरचा माणूस आरशात सहज हरवतो.

गणपती विसर्जनाला मुलाबाळांसह समुद्राकडे निघण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, एवढी दोन मिनिटे प्रत्येक घराने द्यावीत, ही आमची आग्रहाची विनंती.