कच्चा कैदी म्हणूनच गेलेला म्हातारा

दरवर्षी ५ जुलैला मी फादर स्टॅन स्वामींचा फोटो टाकतो आणि दरवर्षी खाली ठरलेली कमेंट येते. "पत्रकार साहेब, तुम्ही पण अर्बन नक्षल झाले का?" यंदा नुसता फोटो टाकत नाही, लिहितोच. रोवणीचे दिवस आहेत, दिवसा कोणाला फुरसत नाही हे माहीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर वाचा. थोडं लांबलं आहे.

स्टॅन स्वामी मूळचे तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडचे. जन्म १९३७ चा. येशू संघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरू. पण आपण सिनेमात पाहतो तसा चर्चमध्ये प्रवचन देणारा हा फादर नव्हता. आयुष्याचा मोठा भाग झारखंडच्या आदिवासींमध्ये गेला. रांचीजवळ नामकुमला 'बगईचा' नावाचं केंद्र होतं, तिथेच राहायचे. पाचवी अनुसूची, पेसा कायदा, ग्रामसभेला न विचारता खाणीसाठी घेतलेल्या जमिनी, हे त्यांचे विषय. आपल्या तुमसर तालुक्यातही खाणी आहेत, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याचं मँगनीज सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून जमीन जाते म्हणजे काय होते, हे सिहोऱ्याच्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम दुसरंच होतं. झारखंडात नक्षलवादी म्हणून हजारो आदिवासी पोरं पकडून जेलात टाकली होती. वर्षानुवर्षं खटला उभा राहत नव्हता. हा म्हातारा त्यांच्या घरी गेला, सोबत्यांना घेऊन शंभरावर कच्च्या कैद्यांची माहिती गोळा केली. बहुतेकांचं म्हणणं एकच, आमचा माओवाद्यांशी काही संबंध नाही. मग सुमारे तीन हजार कच्च्या कैद्यांसाठी झारखंड हायकोर्टात जनहित याचिका टाकली. सरकारला विचारलं, एवढे लोक आत का, आणि किती दिवस?

आता पुढचं पहा. हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच कच्चा कैदी झाला आणि कच्चा कैदी म्हणूनच मेला.

पुण्यात शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसा झाली. त्या प्रकरणात २०१८ पासून अटका सुरू झाल्या. आपल्या नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि प्राध्यापक शोमा सेन यांनाही जून २०१८ मध्ये उचललं, तेव्हाच विदर्भाला हे प्रकरण कळलं. स्टॅन स्वामींच्या खोलीची झडती २०१८ आणि २०१९ ला झाली. मी कधी भीमा कोरेगावला गेलोच नाही, असं ते सांगत राहिले. तपास एनआयएकडे गेला आणि ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीहून त्यांना अटक करून मुंबईला आणलं. वय ८३. ऐन कोरोनाचा काळ. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप, कायदा यूएपीए.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एनआयएनं त्यांची एका दिवसाचीही कोठडी मागितली नाही. थेट तळोजा जेल. आता मी काही वकील नाही, पण वीस वर्षं कोर्टाच्या बातम्या करतो आहे. चौकशीसाठी माणूस हवा असेल तर पोलीस आधी पीसीआर मागतात. इथे तो मागितलाच नाही, तर एवढ्या म्हाताऱ्याला आत ठेवायची घाई कशाची होती?

त्यांना पार्किन्सन होता. हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता. नळीची बाटली असते न लहान पोरांची, सिपर, त्यानंच पाणी प्यायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी कोर्टात अर्ज केला की माझं सिपर आणि स्ट्रॉ परत द्या. एनआयएनं उत्तराला वीस दिवस मागितले. वीस दिवसांनी उत्तर आलं की त्या वस्तू आम्ही घेतल्याच नव्हत्या. तोवर देशभरातले लोक ऑनलाइन सिपर विकत घेऊन पाठवू लागले होते, शेवटी जेलनं एक दिलं. शे-दोनशे रुपयाची वस्तू. आपल्या बाजारात जत्रेच्या दुकानातही मिळते.

जामीन २२ मार्च २०२१ ला नाकारला गेला. इथे यूएपीएचं कलम ४३ ड (५) समजून घ्या. आरोप वरवर पाहता खरा वाटतो, एवढं कोर्टाला वाटलं तरी जामीन देता येत नाही. म्हणजे पुरावे तपासायच्या आधीच माणूस आत राहतो. मे महिन्यात व्हिडिओवरून त्यांना हायकोर्टासमोर आणलं. तळोजात आलो तेव्हा मी स्वतः चालत, जेवत, आंघोळ करत होतो, आता एकेक करून सगळं सुटलं, असं त्यांनी सांगितलं. सरकारी दवाखाना नको म्हणाले, त्यापेक्षा इथे मरेन, मला माझ्या लोकांत जायचंय. मग हायकोर्टाच्या आदेशानं वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं, तिथे कोरोना निघाला. ५ जुलैला त्यांच्या जामिनावर सुनावणी होती. वकिलांनी कोर्टाला सांगितलं की आधी डॉक्टरांचं ऐका. डॉक्टर म्हणाले, दुपारी १ वाजून २४ मिनिटांनी ते गेले. तोवर त्यांच्यावर आरोपही निश्चित झाले नव्हते.

डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला, की त्यांच्या संगणकात ती कागदपत्रं बाहेरून कोणीतरी घुसवली होती. हे खरं की खोटं? कोर्टात साक्ष होऊन, उलटतपासणी होऊन ठरायला पाहिजे होतं. आरोपीच राहिला नाही, त्यांच्यापुरता खटला संपला. नाव तरी निर्दोष करा म्हणून फादर फ्रेझर मस्कारेन्हस यांना हायकोर्टात जावं लागलं.

आता कमेंटवाल्या भाऊंसाठी. तुम्ही म्हणाल, धूर निघाला म्हणजे आग असेलच. मग गडचिरोलीचा पांडू नरोटे आठवा. साईबाबा प्रकरणात जन्मठेप झालेला आदिवासी पोरगा. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर जेलात असताना आजारानं गेला. ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठानं त्या प्रकरणातल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. पांडू कुठून येणार होता? साईबाबाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

फादरना हुतात्मा म्हणावं का, यावरही वाद होतो. साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो १९८० मध्ये प्रार्थना चालू असताना गोळी घालून मारले गेले, त्यांना चर्चनं पुढे संत केलं. इथे गोळी नव्हती, तारखा होत्या. म्हणून काहींना तो शब्द जड वाटतो. मला नाही वाटत. बेचाळीसला तुमसरात गोळीबारात पडलेले लोकही तेव्हाच्या सरकारच्या कागदात दंगेखोरच होते.

आता माझी गोष्ट. खूप वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका पोराला मोटारसायकल चोरीत पकडलं. मी बातमी लावली, "अट्टल चोर गजाआड", फोटोसकट. 'संशयित' हा शब्द जागा वाचवायला मीच काढला होता. कोर्टानं जामीन दिला, पण सातबारावाला जामीनदार मिळेना. बाप भूमिहीन, मजुरी करणारा. सॉल्व्हन्सीच्या कागदासाठी चकरा मारून मारून थकला, पोरगा चार महिने आतच राहिला. त्याच्यासाठी कोणी सिपर पाठवलं नाही, कोणी ट्विट केलं नाही. देशातल्या जेलात शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास असेच कच्चे कैदी आहेत, आणि त्यातले बहुतेक नक्षलही नाहीत न फादरही नाहीत.

म्हणून कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर ऐका. अटकेत असलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हेल्पलाइन १५१००. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून स्वतःच्या हमीवर सोडायचं, असं कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात कलम ४७९ आलं आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर बाँडवर सोडायचं, जेल अधीक्षकानंच कोर्टाला तसा अर्ज करायचा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त केस असलेल्यांना हे लागू नाही. हे छापून तहसीलच्या भिंतीवर लावायला पाहिजे, पण तिथे जाहिराती असतात.

तो मोटारसायकलवाला पोरगा तीन वर्षांनी सुटला. त्या दिवशी मी दुसऱ्या कोणत्या तरी सभेच्या बातमीत होतो, आणि त्याची बातमी लागली नाही. मागच्या आठवड्यात तो चांदपूरच्या रस्त्यावर भेटला, पऱ्हे घेऊन चालला होता. लिहू का विचारलं तर म्हणाला, "लिहा भाऊ, पण नाव नका टाकू." तर नाव टाकत नाही. बातमी एवढीच, तो निर्दोष सुटला होता.