आजी पालक नाही काय?

आजी-आजोबा म्हटले की रविवारच्या पुरवण्यांना गोष्टी, लाडू आणि अंगणातील तुळस आठवते. बीड जिल्ह्यात केज, धारूर, वडवणीकडील वस्त्यांमधल्या आजीला गोष्टी सांगायला उसंत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिचा मुलगा आणि सून एक कोयता होऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल गाव सोडण्यापूर्वीच जुन्या देण्यात गेलेली असते. मागे उरतात नातवंडे आणि म्हातारी. पाच-सहा महिने लेकरांचे जेवण, आजारपण, शाळा सारे तिच्या अंगावर. वृद्ध आईबापांना मुलांनी पोसावे असा कायदा २००७ साली झाला. येथे श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांत म्हातारीच मुलांची मुले पोसते आहे!

लेकरू आजीकडे राहते म्हणून ते शाळेत राहते. आईबापांबरोबर फडावर गेले तर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, थोडे मोठे झाले की वाढे गोळा करते. बाबासाहेबांची आई भीमाबाई लहानपणीच गेली, तेव्हा त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. जन्म देणाराच पालक असतो असे नाही, हे आमच्या चळवळीला तरी कोणी शिकवायला नको.

पण ही बाई शाळेत गेली की तिला सांगितले जाते, आईवडिलांना घेऊन या. कोठून आणणार? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणजे आधी बाप, मग आई. आजी त्यात नाही. (हिंदू नावाचा हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, ही आमची जुनी तक्रार. ती आज बाजूला ठेवतो.) परंतु शाळेचा प्रश्न २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'माता-पिता' आणि 'पालक' यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ज्याच्याकडे बालकाचा सांभाळ आणि ताबा आहे तो पालक. कोर्टाने नेमलेला पालक त्यात येतो, पण फक्त तोच येतो असे नाही. मग सहा महिने नातवाला सांभाळणाऱ्या आजीचा अंगठा शाळेला का चालू नये? बँकेचे मात्र वेगळे आहे. तेथे नैसर्गिक पालक मागतात, म्हणून शिष्यवृत्तीचे खाते टोळी निघण्याआधीच उघडून घ्यावे.

त्याच कायद्याचे कलम २१ आमच्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा हव्यात. म्हणजे वस्तीतील आजी या समितीवर बसू शकते. गावचे पुढारी तिचे नाव सुचवणार नाहीत. पालकसभेच्या दिवशी आमच्या तरुणांनी तिला घेऊन जावे आणि नाव इतिवृत्तात लिहून घ्यावे. नकार आला तर तो लेखी मागावा. लेखी नकार देताना अधिकारी दहादा विचार करतो, असा वकिलीतील आमचा अनुभव आहे.

आजी आहे, मग वसतिगृह कशाला, असा सोयीचा अर्थ मात्र सरकारने काढू नये. हंगामी वसतिगृहे याच लेकरांसाठी आहेत. टोळ्या निघून गेल्यावर महिनाभराने ती उघडत असतील, तर तो महिनाभर सरकार कोणाच्या चुलीवर जेवते? सत्तरीची बाई पहाटे उठून दोन-तीन लेकरांच्या भाकरी थापते, तेव्हा ती सरकारचेच काम करत असते, आणि तेही फुकट. आम्ही त्याचा हिशेब मागणार आहोत, तोही टोळ्या निघण्याआधी.