मखमलीचा फ्रॉक आणि किनाऱ्यावरचा डिसेंबर

मैत्रिणींनो, डिसेंबर लागला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर दोन गर्द्या सुरू होतात. एक येणारी, एक जाणारी. येणारी सगळ्यांना दिसते. मांडव्याला बोटीतून उतरते, नागाव, काशीद, मुरूडला पसरते, पेपरात तिचे फोटो येतात. जाणारी गर्दी मात्र आपली असते. पेण-वडखळमार्गे पनवेलला, आणि १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून थेट मुंबईलाही, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरात नाताळची खरेदी करायला. सीझनमध्ये घरच्या खोल्या देऊन, जेवणाचे डबे करून, पापड-मसाले विकून हातात आलेला पैसा याच महिन्यात पनवेलच्या काउंटरवर जातो. म्हणून त्याचा हिशेब मांडावासा वाटला.

नाताळ इथे नवा नाही, बरं का. रेवदंड्याचा पूल ओलांडून गेलं की कोर्लई. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेपासून तयार झालेली बोली आजही बोलली जाते. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. आपल्याला दिवाळीला लागतात तसे त्यांना नाताळाला नवे कपडे लागतातच. बदललंय ते बाकीच्यांचं. आता बालवाडीतून निरोप येतो, ‘पंचवीस तारखेच्या आधी मुलांना लाल कपड्यात पाठवा.’ वर्गात एकमेकांना गिफ्ट द्यायची असते. मग आई पर्स घेऊन निघते.

आणि स्टोअरात काय दिसतं? दारातच कापसाचा बर्फ. आत लाल मखमलीचे फ्रॉक, फरची कॉलर लावलेली जाकिटं, लोकरी टोप्या. बाहेर दुपारी पारा तिसाच्या आसपास. अलिबागला डिसेंबरात पहाटे चादर लागते, फार तर एखादा स्वेटर. अकरा वाजले की घाम. मखमल बहुतेक पॉलिएस्टरची, त्यात वारा शिरत नाही. शाळेतून येईपर्यंत पोरीच्या मानेवर पुरळ. तो फ्रॉक वर्षातून एकदा घालायचा आणि पुढच्या वर्षी आखूड होणार.

आपल्याला हवं असतं सुती. बिनबाह्यांचं झबलं, हाफ चड्डी, सुटसुटीत कुर्ता. म्हणजे ज्याला स्टोअरवाले ‘समर वेअर’ म्हणतात आणि आपण नुसतं ‘कपडे’ म्हणतो. ते विचारलं तर उत्तर मिळतं, ‘मॅडम, समरचा स्टॉक फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल.’ एका कोपऱ्यात थोडं असतं, पण पूर्ण किमतीला.

यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या साखळी दुकानांचं वर्ष दोन हंगामांत वाटलेलं असतं, उन्हाळी आणि हिवाळी. हंगाम संपत आला की उरलेला माल काढून नव्या मालाला जागा करायची, याचंच नाव सेल. नाताळ ते जानेवारी हिवाळी माल निघतो, जून-जुलैला उन्हाळी. हे वेळापत्रक दिल्ली-लुधियानाच्या थंडीला बरोबर बसतं. आपल्याकडे हिवाळी माल मुळात खपतच नाही. म्हणून डिसेंबरात ‘पन्नास टक्के सूट’ची पाटी नेमकी त्या कपड्यांवर असते, जे रेवदंड्यात घालायची सोय नाही. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथे सांताक्लॉज लोकरीच्या झग्यात घामाघूम होतो, पण दुकानांत त्या दिवसांत सुती कपडे आणि पोहण्याचे पोशाखच असतात आणि २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डे सेलमध्ये ते स्वस्त होतात. ऊन आमच्याकडेही आहे, पण आमच्या वाट्याला सेल येतो तो थंडीचा.

म्हणून माझा साधा नियम आहे. मुलांचे सुती कपडे जुलैत घ्यायचे, उन्हाळी माल निघत असताना, एक माप मोठे. जुलैत घेतलेला कपडा नाताळाला नवाच असतो. त्याला लाल रिबन लावली की शाळा खूश. डिसेंबरच्या सेलमध्ये घ्यायचंच तर आतली पट्टी वाचा. ‘कॉटन रिच’ किंवा ‘कॉटन ब्लेंड’ म्हणजे शुद्ध सुती नव्हे. किती टक्के कापूस ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात.

आता पैशाचं. कपड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला. पूर्वी हजार रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १२ टक्के होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८. म्हणजे दीड हजार मूळ किमतीच्या कुर्त्यावर १८० रुपये कर बसायचा, तो ७५ झाला. उलट तीन हजारांचा लग्नातला ड्रेस महागला. ‘दोनावर एक फ्री’चं गणितही दारातच करा. ५९९ चे तीन टी-शर्ट ११९८ ला, म्हणजे एक चारशेच्या आत पडला हे खरं. पण हवा होता एकच, तर ५९९ जास्तीचे गेले. आणि सवलतीच्या किमतीवर कोणी वेगळा कर लावू लागलं तर थांबा. छापील किमतीत कर धरलेलाच असतो. ‘चाळीस टक्के सूट’ अशी पाटी लावायची आणि बिलात वर कर घ्यायचा, ही अनुचित प्रथा ठरवणारा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये दिला आहे. पिशवीचंही तसंच. आधी ठळक सूचना न देता काउंटरवर तिचे पैसे लावू नयेत, असं आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. अर्थात कापडी पिशवी घेतल्याशिवाय आपल्यातली कुणी घराबाहेर पडत असेल असं मला वाटत नाही!

गिफ्टबद्दल फार लिहीत नाही. रंगीत कागदातल्या तयार पेटीत मग, मेणबत्ती आणि चार चॉकलेटं असतात. तीच सुटी घ्या, कागद घरी लावा, फरक कळेल.

खेळण्यांपाशी मात्र थांबायला हवं, कारण ती मुलांच्या तोंडात जातात. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून १२१ प्रकारची खेळणी उचलून तपासली, तर सुमारे ६७ टक्के सुरक्षेच्या चाचणीत नापास झाली. त्यानंतर सरकारने दोन गोष्टी केल्या. आयात खेळण्यांवरचा सीमाशुल्क २० टक्क्यांवरून २०२० मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के केला, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची केली. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ हा क्रमांक असतो, बॅटरीच्या खेळण्यावर आयएस १५६४४, आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. मोठं दुकान म्हणजे खात्रीचा माल, असं धरून चालू नका. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने मॉल आणि विमानतळांवरच्या नावाजलेल्या दुकानांतून साडेअठरा हजार खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं होतं. खूणच नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग चौलच्या दत्तजयंतीच्या जत्रेतली खेळणी? तीही याच महिन्यात येतात आणि मुलांना एसीतल्या खेळण्यांपेक्षा जास्त आवडतात. तिथल्या प्लॅस्टिकच्या पिपाण्यांवर कुठे खूण असते! कायदा त्यांनाही लागू आहे, फक्त जत्रेत तपासायला कोणी फिरत नाही. हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी कुणा नोंदणीकृत कारागिराची असली तर त्यावर आयएसआय नसणं यात काही काळंबेरं नाही. चाळीस रुपयांच्या, रंग हाताला लागणाऱ्या बाहुलीपेक्षा मला ती बरी वाटतात. जत्रेतून मी भिरभिरं आणि फुगे घेते, दोन वर्षांच्या भाचीला चोखायला मिळेल असं काही नाही.

एक गोष्ट मात्र मोठ्या दुकानात मिळत नाही. आमच्या पेठेतला कापडवाला ‘ताई, दोन्ही मापं घरी न्या, बसेल ते ठेवा’ म्हणतो आणि पैसे सीझन झाल्यावर दिले तरी चालतात. पनवेलहून आणलेला शर्ट बसला नाही तर बदलायला पुन्हा दिवस मोडतो, एसटीचं भाडं वेगळं. हा खर्च टॅगवर छापलेला नसतो. स्वस्त पडलं असं म्हणताना आपण तो धरतच नाही आणि मग कापडवाल्याला मात्र ‘तुमच्याकडे महाग’ म्हणून ऐकवतो. त्याचं दुकान बंद पडलं तर परकराचं अस्तर आणि शाळेच्या गणवेशाचं कापडही पनवेलहूनच आणावं लागेल.

पनवेलला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जाते. पण बिल जपून ठेवते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत दुकानाला तो परत घेऊन पैसे द्यावे लागतात. माप चुकलं, रंग आवडला नाही, याला मात्र कायदा नाही, ती दुकानाची मर्जी. म्हणून बदलून देण्याची मुदत काउंटरवरच विचारून घ्या. आणखी एक चांगली सोय याच कायद्याने केली : खरेदी कुठेही झाली असो, तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगाकडे करता येते. आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन केला तरी बरीच दुकानं वाटेवर येतात.

गंमत म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिन २४ डिसेंबरला असतो. १९८६ च्या पहिल्या ग्राहक कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. त्याच संध्याकाळी पनवेलच्या काउंटरवर सर्वांत लांब रांग असते. आमच्याकडे तेव्हा पाहुण्यांच्या पोळ्या चाललेल्या असतात, त्यामुळे माझी फेरी पहिल्या आठवड्यातच होते, खेळण्यांच्या दोन वस्तूंची यादी घेऊन. कपड्यांची पिशवी जुलैपासून कपाटात आहे.